पुण्याच्या नावाचा जंतू आणि हॉलमधलं कासव

पुण्याचं नाव जगात कशाकशामुळे गाजतं, याची यादी पुणेकरांकडे तयारच असते. त्या यादीत सहसा न सापडणारं एक नाव म्हणजे ‘साल्मोनेला पूना’. हा एका जंतूचा प्रकार आहे. १९३०च्या दशकात तो पुण्यात पहिल्यांदा ओळखला गेला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत. त्यांत डब्लिन आहे, हायडेलबर्ग आहे आणि आपली बरेलीसुद्धा आहे. मूळ ‘साल्मोनेला’ या नावाचा साल्मन माशाशी मात्र काही संबंध नाही. डॅनियल साल्मन हे अमेरिकेतले पशुवैद्य. १८८५ मध्ये हा जंतू शोधला त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी, पण नाव लागलं साहेबांचं. ऑफिसात असं होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पुण्याचा हा जंतू पुढे खूप फिरला. २०११ ते २०१३ या काळात अमेरिकेत लहान पाळीव कासवांमुळे साल्मोनेलाच्या आठ साथी आल्या. एकूण ४७३ जण आजारी पडले. त्यांतल्या निम्म्या रुग्णांचं वय चार वर्षं किंवा त्याहून कमी होतं. या साथींमध्ये जे प्रकार सापडले, त्यांत ‘पूना’ होता. २०१५ मध्ये तोच ‘पूना’ मेक्सिकोहून आलेल्या काकड्यांमधून अमेरिकेच्या ४० राज्यांत पोचला. ९०७ जण आजारी पडले, सहा जणांचा मृत्यू झाला. २०१८-१९ मध्ये तो फ्रान्समधल्या तान्ह्या मुलांमध्ये दिसला. तिथे शोध जाऊन थांबला स्पेनमध्ये तयार झालेल्या, तांदळापासून बनवलेल्या बाळदुधाच्या पावडरीपाशी.

जंतूचं नाव एकच, पण एकदा तो आला कासवाच्या पाण्यातून, एकदा काकडीतून आणि एकदा दुधाच्या डब्यातून. म्हणून घरातलं मूल आजारी पडलं की रिपोर्टवरचं नाव वाचून उत्तर मिळत नाही. हा जंतू कोणत्या वाटेनं मुलाच्या तोंडापर्यंत पोचला, हे वेगळं शोधावं लागतं.

आजाराची वाट शोधण्यात आपलं शहर तसं जुनं मुरलेलं आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. त्याआधी लोक दलदलीच्या हवेला दोष देत होते. बेगमपेटची ती इमारत अजून उभी आहे. आपल्याला सूक्ष्मदर्शक लागणार नाही. आपल्याला लागेल एक वही.

एक ओळखीचं घर

एक घर डोळ्यासमोर आणा. कल्पनेतलं आहे, पण आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचं वाटेल. कुकटपल्लीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आई-बाबा दोघंही नोकरी करतात. आजी नांदेडहून नातवाला सांभाळायला आलेली. नातू साडेतीन वर्षांचा. एक लॅब्राडोर कुत्रा. आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेच्या भांड्यात, कानामागे लाल पट्टा असलेलं, बिस्किटाएवढं कासव. कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं. ‘कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते’ असंही कुणीतरी सांगितलेलं.

गुरुवारी रात्री नातवाला ताप भरतो. पहाटे जुलाब सुरू होतात, शुक्रवारी शीमध्ये रक्ताचा धागा दिसतो. आणि घरात खटला सुरू होतो. आजी म्हणतात, “तरी मी सांगत होते, बाहेरची पाणीपुरी नको.” बाबांना रविवारच्या वाढदिवसाच्या पार्टीतलं मेयोनीज आठवतं. आईला वाटतं, शाळेतलं पाणी. आणि मग हळू आवाजात कुणीतरी म्हणतं, “कामवाल्या बाईंचे हात…”

हे शेवटचं वाक्य फार घरांत फार सहज येतं. ज्यांची बाजू मांडायला कुणी नसतं, त्यांच्याकडे पहिलं बोट जातं. शोध नीट करायचा तो यासाठीही.

आधी डॉक्टर, मग तपास

मुलाचं पाणी कमी होऊ न देणं हे पहिलं काम. ओआरएस थोडं थोडं, पण सारखं. मूल सुस्त पडलं, बऱ्याच तासांत लघवी झाली नाही, शीमध्ये रक्त आलं किंवा ताप चढाच राहिला, तर वाट बघायची नाही. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नुसत्या तापालाही दवाखाना गाठायचा, कारण तान्ह्या बाळांत हा जंतू आतड्यातून रक्तात जाऊ शकतो. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी मुलाला स्वतःच्या मनानं देऊ नये.

डॉक्टरांना एक गोष्ट न विचारताही सांगायची: घरात कोणकोणते प्राणी आहेत. कासव आहे, हे कुणी सांगत नाही, कारण कासवाचा जुलाबाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

आपल्याकडे ताप आणि पोट एकत्र आलं की ‘टायफॉइड’ हा शब्द लगेच निघतो आणि विडाल तपासणी होते. इथे थोडा गोंधळ आहे. टायफॉइडचा जंतूही साल्मोनेलाच घराण्यातला, पण तो फक्त माणसांत राहतो. कुत्र्यामुळे किंवा कासवामुळे टायफॉइड होत नाही. प्राण्यांकडून येतात ते साल्मोनेलाचे बाकीचे भाऊबंद, आणि त्यांचा पत्ता विडालवरून लागत नाही. त्यासाठी शौचाचं कल्चर करावं लागतं, आणि नमुना शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावा लागतो. आपल्या जीनोम व्हॅलीत बनणारी टायफॉइडची लस २०१७च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण ती लस टायफॉइडपुरती. ‘मुलाला लस दिली आहे, म्हणजे साल्मोनेला नसणार’ हा हिशोब चुकीचा.

आणखी एक. निरोगी मुलाला साधा साल्मोनेला झाला, तर तो बहुतेक वेळा चार ते सात दिवसांत आपला आपण बरा होतो. अँटिबायोटिक दरवेळी लागत नाही. उलट त्यानं जंतू शौचावाटे जास्त दिवस बाहेर पडत राहण्याची शक्यता असते. ते द्यायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. आपण आग्रह धरू नये.

वहीतले सहा दिवस

साल्मोनेला पोटात गेल्यावर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही लक्षणं दिसू शकतात. म्हणजे गुरुवारी रात्री ताप आला, तर मागच्या शुक्रवारपासूनचा प्रत्येक दिवस वहीत उतरवायचा. मुलानं काय खाल्लं, कुठे खाल्लं, बरोबर आणखी कुणी खाल्लं, त्यांतलं कोण आजारी पडलं, मूल कुठे गेलं, कोणत्या प्राण्याजवळ खेळलं. आठवण ताजी असताना, पहिल्या दोन दिवसांतच.

आपल्या घरातली वही उघडू. पाणीपुरी खाऊन दोन आठवडे झालेत, म्हणजे ती सहा दिवसांच्या बाहेर गेली. मेयोनीज? संशय घेणं बरोबरच आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमुळे हैदराबादेत विषबाधेच्या घटना घडल्या, म्हणून तेलंगण सरकारनं ३० ऑक्टोबर २०२४ रोजी त्यावर वर्षभराची बंदी घातली होती. पण रविवारच्या पार्टीतली बाकीची सगळी मुलं ठणठणीत आहेत. त्यामुळे मेयोनीज निर्दोष सुटत नाही, पण यादीत खाली जातं. कामवाल्या बाई स्वयंपाक करत नाहीत, गेल्या महिनाभरात आजारी नव्हत्या. त्यांच्याविरुद्ध वहीत एकही ओळ नाही.

आजारी पडलेल्यांनी काय केलं आणि आजारी न पडलेल्यांनी काय केलं, यांतला फरक शोधायचा. मोठे तपास असेच होतात. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डेनव्हर शहराच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन हा भला मोठा सरडा मुलांना दाखवण्यासाठी ठेवला होता. त्यानंतर ६५ जणांना साल्मोनेला झाला. आजारी मुलांनी ड्रॅगनला हात लावलेला नव्हता. मग जंतू आला कुठून? आजारी आणि निरोगी मुलांची तुलना केल्यावर धागा मिळाला. ड्रॅगनभोवतीच्या लाकडी कठड्याला आजारी मुलांनी जास्त प्रमाणात हात लावला होता. ड्रॅगन आपल्या विष्ठेतून चालायचा, मग पुढचे पाय कठड्यावर ठेवायचा. नंतर हात धुतलेली मुलं बरीचशी वाचली.

म्हणून वहीत ‘कासवाला हात लावला का?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. कासवाचं पाणी कुठे जातं, भांडं कुठे घासलं जातं, कोण घासतं, हेही लिहावं लागतं.

कुत्र्याचं ताट, माशांची टाकी

आता वहीत प्राण्यांची पानं. कुत्रा आजारी नाही, मग तो सुटला का? २००६ ते २००८ या काळात अमेरिकेच्या २१ राज्यांत ७९ जणांना साल्मोनेला झाला. त्यांतली जवळजवळ निम्मी मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. जंतू होता कुत्र्यांच्या कोरड्या खाद्यात. तपासात एक घरगुती तपशील पुढे आला: ज्या घरांत प्राण्यांना स्वयंपाकघरात खायला दिलं जाई, तिथल्या लहानग्यांना धोका जास्त होता. आपल्या घरातही कुत्र्याचं ताट स्वयंपाकघराच्या दारात असतं, आणि संध्याकाळी मूठभर खाद्य त्यात टाकणं हे नातवाचं लाडकं काम. वहीत तशी खूण करायची. कुत्र्याला कच्चं चिकन घालण्याची नवी फॅशन असेल, तर खूण ठळक करायची.

मासे तर काचेपलीकडे असतात, त्यांचं काय? २००३-०४ मध्ये ऑस्ट्रेलियात मुलांना औषधांना न जुमानणारा साल्मोनेला झाला, तो घरच्या शोभेच्या माशांच्या टाक्यांमधून. टाकीतलं पाणी आणि ते बदलणारे हात, ही त्याची वाट. चारमिनारजवळच्या मुर्गी चौकातून हौसेनं आणलेल्या कोंबडीच्या पिलांनाही हेच लागू. ती दिसतात गोड, पण त्यांच्या पिसांवरही हा जंतू असू शकतो.

आणि कासव

लाल पट्ट्याचं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. साल्मोनेला त्याच्या आतड्यात आरामात राहतो, त्याला स्वतःला काही होत नाही. विष्ठेतून जंतू पाण्यात उतरतो, पाण्यातून कवचावर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत साल्मोनेलाच्या सुमारे १४ टक्के आजारांचा संबंध पाळीव कासवांशी असावा, असा अंदाज होता. १९७५ मध्ये तिथे चार इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आली. चारच इंच का? कारण त्याहून लहान कासव मूल सरळ तोंडात घालतं.

बंदी असूनही लहान कासवं विकली गेलीच. २००७ मध्ये फ्लोरिडात तीन आठवड्यांचं एक बाळ साल्मोनेलाच्या ‘पोमोना’ प्रकारानं रक्तात जंतू पसरून दगावलं. घरात एक छोटं कासव होतं, ओळखीच्यांनी भेट दिलेलं. बाळाच्या रक्तातला जंतू आणि कासवाकडचा जंतू यांचे जनुकीय ठसे जुळले. तीन आठवड्यांचं बाळ कासवाकडे हात नेऊ शकत नाही. जंतू बाळापर्यंत पोचला तो घरातल्याच कुणाच्या तरी हातांवरून किंवा एखाद्या वस्तूवरून. भेट देणाऱ्यांच्या मनात प्रेमच असणार, आणि बाळाला उचलून घेणाऱ्यांच्याही.

आपल्या कुकटपल्लीच्या घरात रविवारचं पान पुन्हा वाचू. सकाळी बाबांनी कासवाचं भांडं धुतलं. कुठे? स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, कारण तिथे नळाचा जोर चांगला आहे. अर्ध्या तासानं त्याच सिंकमध्ये आजींनी काकड्या धुतल्या आणि कोशिंबीर केली. बाबा भांडं धूत असताना कासव होतं एका स्टीलच्या वाटीत, आणि वाटीशी खेळत होता नातू.

“पण कोशिंबीर तर आम्ही सगळ्यांनीच खाल्ली,” आजी म्हणतील. बरोबर आहे. पण लहान मूल थोड्याशा जंतूंनीही आजारी पडतं. मोठ्यांच्या पोटात तेवढे जंतू बहुधा पचून जातात, किंवा काहीच त्रास न होता काही दिवस आतड्यात राहतात.

सिद्ध कसं करायचं?

पूर्ण सिद्ध करायचं तर मुलाच्या शौचातला जंतू आणि कासवाच्या पाण्यातला जंतू एकाच प्रकारचा निघायला हवा, आणि पुढे त्यांची जनुकं जुळायला हवीत. प्रकार ओळखण्याचं काम हिमाचलातल्या कसौलीच्या सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं राष्ट्रीय साल्मोनेला केंद्र करतं. प्राण्यांसाठी आपल्याकडे राजेंद्रनगरला पशुवैद्यक विद्यापीठ आहे. अस्खलित मराठी बोलणाऱ्या पी. व्ही. नरसिंह राव यांचं नाव त्याला दिलेलं आहे. पशुवैद्यांशी जरूर बोलावं. पण एक लक्षात ठेवायचं: कासव रोज जंतू बाहेर टाकत नाही. एकदा तपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून ते स्वच्छ ठरत नाही. कासवाला अँटिबायोटिक देऊनही जंतू खात्रीनं जात नाही. फक्त औषधांना सरावतो.

मोठी साथ आली तर सरकारी यंत्रणा तपास करते. एकट्यादुकट्या मुलाच्या जुलाबामागे कुणी अधिकारी आपल्या दारात येत नाही. त्यामुळे बहुतेक घरांत ‘हाच तो’ असं शंभर टक्के कधीच ठरणार नाही. तरी वही वाया जात नाही. या घराच्या वहीनं दोन उघड्या वाटा दाखवल्या: सिंक, आणि स्वयंपाकघराच्या दारातलं ताट. दोन्ही त्याच दिवशी बंद करता येतात. त्यासाठी रिपोर्टची वाट बघावी लागत नाही.

घरातले बदल

कासवाचं भांडं, टाकीची जाळी, कुत्र्याचं ताट या गोष्टी स्वयंपाकघराबाहेर धुवायच्या. त्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश. घाण पाणी संडासात ओतायचं, भांडी घासायच्या मोरीत नाही. हे काम मोठ्यांनी करायचं, पाच वर्षांखालच्या मुलांनी नाही. नंतर साबणानं वीस सेकंद हात धुवायचे. सॅनिटायझर फक्त साबण-पाणी नसेल तेव्हा. कासवाचा, पिलांचा पापा घ्यायचा नाही. कच्चं चिकन सिंकमध्ये धूत बसायचं नाही, त्याचे शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात.

मूल बरं झालं तरी पाच वर्षांखालच्या मुलांच्या शौचातून जंतू कित्येक आठवडे बाहेर पडत राहू शकतो. त्यामुळे डायपर बदलल्यावर किंवा शी धुतल्यावर साबण चुकवायचा नाही. घरात दुसरं तान्हं बाळ असेल तर अधिकच जपायचं.

कासव ठेवायचं की नाही? पाच वर्षांखालचं मूल, ६५च्या पुढचे आजी-आजोबा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल, तर कासव, सरडा यांसारखे प्राणी नकोत, असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. आपल्या या घरात यांतले दोघं आहेत. मग त्याला लहान मुलं नसलेल्या, जाणत्या घरी द्यावं किंवा प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेशी बोलावं. दुर्गम चेरुवूत किंवा देवळाच्या पुष्करिणीत सोडून पुण्य मिळवायला जाऊ नये. हे परदेशी कासव आपल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतं. आणि चांदण्यांचं नक्षीदार स्टार कासव कुणी देऊ केलं, तर हात जोडावेत. ते घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

कुत्र्याला मात्र कुठेही पाठवायची गरज नाही. त्याचं ताट बाल्कनीत गेलं की झालं.

एक काम शेवटी उरतं, आणि ते वहीत लिहिलेलं नसतं. कासव गेल्यावर साडेतीन वर्षांचा मुलगा विचारणारच, “माझ्यामुळे गेलं का?” त्याला सांगायचं, की नाही रे, त्याला मोठं पाणी हवं होतं. आजींना सांगायचं, की कोशिंबिरीत तुमची चूक नव्हती. बाबांना सिंकवरून टोमणे मारायचे नाहीत. आणि सोमवारी कामवाल्या बाई आल्या, की गेल्या आठवड्यात आपण त्यांच्याशी जरा तुटक वागलो होतो, हे आठवून त्यांना चहा आधी विचारायचा.